टूरिंगच्या मोटारसायकलसाठी कॅमशाफ्ट निवडताना

बारडोलीचे रस्ते काय मागतात

बारडोलीहून मोटारसायकलवर लांब निघणाऱ्यासमोर मुख्यतः दोन वाटा असतात. एक पूर्वेची. व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी, मग कोंडाईबारीचा घाट चढून साक्री आणि धुळे. पोटापाण्यासाठी सुरत-बारडोली पट्ट्यात स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांची ही गावाकडची वाट. दुसरी दक्षिणेची. वघईहून डांगच्या जंगलात शिरायचं, सापुताऱ्याचा घाट चढायचा आणि पुढे वणीचा गड किंवा नाशिक गाठायचं.

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की या रस्त्यांचं रूप पालटतं. उसाने शिगोशीग भरलेले ट्रक, जोड-ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मध्येच बैलगाड्या. अशा वेळी मागे घरची मंडळी, दोन्ही बाजूंना सामानाच्या पिशव्या, आणि समोर पन्नासच्या वेगाने जाणारा उसाचा ट्रक. समोरचा रस्ता मोकळा दिसताच गाडी त्याच गिअरमध्ये उचलून ऐंशीला न्यायची असते. इथे गाडीची टॉप स्पीड कामाची नाही. मधल्या आरपीएमला इंजिन किती जोर लावतं, एवढाच प्रश्न उरतो.

परफॉर्मन्स कॅमच्या जाहिरातीत मात्र सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो तो कमाल पॉवरचा आकडा. तो इंजिनाच्या कमाल आरपीएमच्या जवळपास मिळतो, आणि टूरिंग करणारा तिथे क्वचितच पोहोचतो. म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगतो. टूरिंगचा कॅम टॉपच्या आकड्यावर निवडू नये. आपली गाडी दिवसभर ज्या आरपीएमला चालते, तिथे सिलिंडर जास्तीत जास्त भरणारा कॅम निवडावा. तसा मिळत नसेल, तर कंपनीचा कॅमच राहू द्यावा.

कॅम करतो काय

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. कॅमवरचा लोब, म्हणजे त्याचा फुगीर भाग, टॅपेट किंवा रॉकर दाबतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. लोब पुढे सरकला की स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते. व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती उघडायचा आणि कधी मिटायचा, हे सगळं त्या लोखंडाच्या आकारातच ठरून गेलेलं असतं.

यातला वेळ किती थोडा आहे ते पाहा. क्रँक ५००० आरपीएमला फिरत असेल, तर एका फेऱ्याला १२ मिलिसेकंद लागतात. इनलेट व्हॉल्व्ह क्रँकच्या २४० अंशांपर्यंत उघडा राहत असेल, तर सिलिंडर भरायला मिळतात फक्त ८ मिलिसेकंद. आरपीएम दुप्पट झाला की वेळ निम्मा. म्हणून रेसिंगच्या कॅममध्ये व्हॉल्व्ह जास्त अंश उघडा ठेवतात, म्हणजे वरच्या आरपीएमलाही मिश्रण आत यायला सवड मिळते. पण तोच कॅम ३००० ला फिरताना ती सवड गरजेपेक्षा जास्त होते, आणि आत आलेलं मिश्रण पिस्टन वर येताना पुन्हा इनलेटकडे ढकललं जातं. वरचा आणि खालचा असे दोन्ही जोर देणारा कॅम एका ठरलेल्या आकारात बनत नाही. त्यासाठीच काही कंपन्यांनी व्हॉल्व्हची वेळ चालत्या इंजिनात बदलणाऱ्या यंत्रणा आणल्या.

कॅमच्या कार्डावरचे आकडे

चांगल्या बनावटीच्या कॅमसोबत एक कार्ड येतं. ते नसेल तर कॅम घेऊच नये.

लिफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह किती मिलिमीटर उचलला जातो. ड्युरेशन म्हणजे तो क्रँकचे किती अंश उघडा राहतो. ड्युरेशन वाचताना एक सावधगिरी हवी. कोणी तो व्हॉल्व्ह जेमतेम हलल्यापासून मोजतो, कोणी १ मिलिमीटर उचलल्यावर, अमेरिकन कंपन्या बहुधा ०.०५० इंचावर. एकाच कॅमचे हे आकडे तीसचाळीस अंशांनी वेगळे येतात. दोन कॅमची तुलना करायची तर दोन्ही आकडे एकाच पद्धतीने मोजलेले हवेत.

ओव्हरलॅप म्हणजे एक्झॉस्ट मिटायच्या आणि इनलेट उघडायच्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ. तो वाढला की वरच्या आरपीएमला फायदा होतो, पण आयडलिंग अडखळतं, ट्रॅफिकमध्ये गाडी गचके देते आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर पडून ॲव्हरेज घसरतं.

टूरिंगसाठी मी सर्वांत आधी पाहतो तो आकडा वेगळाच असतो. इनलेट व्हॉल्व्ह बीडीसीनंतर, म्हणजे पिस्टन तळाला जाऊन वर यायला लागल्यानंतर, किती अंशांनी मिटतो? तो मिटेपर्यंत सिलिंडरमध्ये दाब धरला जात नाही. कार्डावर हा आकडा असतोच, पण दुकानात त्याबद्दल विचारणारं गिऱ्हाईक कमी.

याचं गणित बुलेटवर करून पाहू. ३५० च्या यूसीई इंजिनाचा स्ट्रोक ९० मिलिमीटर आणि कॉम्प्रेशन रेशो ८.५. कनेक्टिंग रॉड स्ट्रोकच्या दुप्पट लांब धरला, तर बीडीसीनंतर ५० अंशांवर पिस्टन सुमारे १३ मिलिमीटर वर आलेला असतो. ७० अंशांवर तो जवळजवळ २५ मिलिमीटर वर आलेला असतो. पहिल्या कॅमवर खऱ्या दाबासाठी ७७ मिलिमीटर उरतात, दुसऱ्यावर ६५. कागदावरचा ८.५ रेशो प्रत्यक्षात पहिल्या कॅमवर ७.४ च्या आसपास येतो, दुसऱ्यावर ६.४ वर उतरतो. कमी आरपीएमला ‘मोठा’ कॅम गाडी मेल्यासारखी का करतो, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. वरच्या आरपीएमला आत धावणाऱ्या हवेचा वेगच मिश्रण भरून काढतो, म्हणून तिथे ही तूट जाणवत नाही.

चाकणचा धडा

कॅम बदलला की इंजिनाचा स्वभाव कसा सरकतो, हे पाहायला परदेशी उदाहरण शोधायची गरज नाही. पुण्याजवळ चाकणला बनणारी बजाज डॉमिनार ४०० हे त्याचं नामी उदाहरण आहे. डिसेंबर २०१६ मध्ये ती बाजारात आली तेव्हा ३७३ सीसीच्या इंजिनाच्या हेडमध्ये एकच कॅमशाफ्ट होता. पॉवर ८००० आरपीएमला ३५ पीएस, टॉर्क ६५०० ला ३५ न्यूटन मीटर. २०१९ मध्ये त्याच क्षमतेच्या इंजिनाला दोन कॅमशाफ्टचं हेड आलं, सायलेन्सर बदलला, आणि पॉवर ८६५० ला सुमारे ४० पीएस झाली. टॉर्कचा कमाल आकडा मात्र ३५ च राहिला. तो मिळू लागला ७००० आरपीएमला.

म्हणजे इंजिनाचा जास्तीत जास्त जोर तेवढाच राहिला, तो वरच्या बाजूला सरकला. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, तेव्हा तोच जोर वरच्या आरपीएमपर्यंत टिकला की पीएस आपोआप वाढतात. हिशोब केला तर जुन्या डॉमिनारला ८००० वर सुमारे ३१ न्यूटन मीटर उरत होता, नवीला ८६५० वरही ३२ च्या पुढे. चाकणलाच बनलेल्या केटीएम ३९० ड्यूकचं ३७३ सीसीचं इंजिन याच घराण्यातलं. तिची पॉवर ९००० आरपीएमला साडेत्रेचाळीस पीएसपर्यंत नेली होती. ड्यूक आणि डॉमिनार दोन्ही चालवलेल्याला शहरात, खालच्या आरपीएमला, त्यांच्यातला फरक सांगायला तांत्रिक पत्रक लागत नाही.

इथे लक्षात घ्यायचं ते हे की बजाजने नुसता कॅम बदलला नाही. हेड, सायलेन्सर आणि ईसीयूचं मॅपिंग एकमेकांशी जुळवलं, आणि त्यासाठी त्यांच्याकडे डायनो होता, इंजिनिअर होते, चाचणीचे रस्ते होते. गावातल्या गराजमध्ये यातलं निम्मं तरी करता यावं, तेव्हाच कॅमला हात घालण्यात अर्थ आहे.

आपल्या गाडीत काय करता येतं

जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये हे काम सर्वांत सोपं. दोन कॅम, दोघांना आपापले दात, उजवीकडच्या टायमिंग कव्हरच्या आत. हेड न उचलता कॅम निघतात आणि खुणा जुळवून परत बसतात. इंग्लंडच्या हिचकॉक्सकडून या बुलेटसाठी वेगळ्या आकाराचे कॅम वर्षानुवर्षं मिळत आले आहेत. टॅपेटची सेटिंगही जुन्या मिस्त्रींच्या बोटांत बसलेली असते. थंड इंजिनावर पुशरॉड बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, पण वरखाली खेळता कामा नये. परफॉर्मन्स कॅमच्या कार्डावर काही वेळा वेगळी फट सांगितलेली असते. तिथे बोटांची सवय बाजूला ठेवून फीलर गेज वापरावं.

यूसीई बुलेटमध्ये हायड्रॉलिक टॅपेट आहेत. ते फट आपोआप भरतात, म्हणून टॅपेटची कटकट नाही, पण तीव्र चढाचा कॅम त्यांना झेपत नाही. जे सिरीजच्या क्लासिक, मीटिऑर आणि नव्या बुलेटमध्ये कॅम हेडवर गेला आहे. ३४९ सीसीचं हे इंजिन २७ न्यूटन मीटर ४००० आरपीएमला देतं. हिमालयन ४११ मध्येही ३२ न्यूटन मीटर चार हजार ते साडेचार हजारांच्या दरम्यानच मिळतो. या दोन्ही इंजिनांचा मूळ कॅमच टूरिंगचा आहे. घाटात आणि ओव्हरटेकला लागणारा जोर कंपनीने आधीच योग्य जागी ठेवला आहे. तिथे ‘स्टेज टू’ कॅम टाकणं म्हणजे हातातला जोर सोडून वरचा मागणं, आणि सामान लादलेल्या गाडीसाठी मी तो सल्ला देणार नाही.

हार्लेच्या वजनदार टूरिंग गाड्यांची गोष्ट वेगळी. तिथे टॉर्कचा कॅम हा मोठा आणि परिपक्व बाजार आहे, कारण मूळ कॅम प्रदूषणाच्या आणि आवाजाच्या नियमांना धरून फार सौम्य ठेवलेला असतो. २०१७ च्या टूरिंग मॉडेलांपासून आलेल्या मिल्वॉकी-एट इंजिनात एकच कॅम आहे, त्यामुळे काम आटोपशीर. त्याआधीच्या ट्विन कॅममध्ये दोन होते, आणि सुरुवातीच्या वर्षांतल्या त्यांच्या साखळीचे स्प्रिंगचे टेन्शनर झिजून त्यांचा भुगा तेलात जायचा. अशी जुनी हार्ले घेतली असेल, तर कॅमच्या आधी टेन्शनरची तपासणी करावी.

जुन्या येझदी-राजदूतवाल्यांना हा विषयच नाही. त्या दोन स्ट्रोकच्या गाड्यांत व्हॉल्व्हचं काम सिलिंडरच्या भिंतीतले पोर्ट करतात, कॅमशाफ्ट नसतोच.

एक इशारा ठासून द्यावासा वाटतो. काही ठिकाणी जुन्या कॅमच्या लोबवर वेल्डिंगचा थर चढवून लेथवर त्याला नवा आकार देतात. स्वस्त पडतं, पण कॅमचा पृष्ठभाग उष्णतेच्या प्रक्रियेने कठीण केलेला असतो आणि वेल्डिंगने ती कठीणता बिघडते. असा कॅम उजेडात धरून पाहिला, तर टोकाजवळ टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसू लागतात. मग तो खड्ड्यांचा भाग टॅपेटचा तळ खातो आणि लोखंडाची पूड तेलातून क्रँकच्या बेअरिंगकडे जाते. हजार-दोन हजार वाचवून सगळं इंजिन पणाला लावल्यासारखं होतं.

कॅमबरोबर काय काय बदलतं

लिफ्ट वाढली की पहिला प्रश्न स्प्रिंगचा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावरही स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत. दुसरा प्रश्न पिस्टन आणि व्हॉल्व्हमधल्या अंतराचा. यासाठी जुनी, खात्रीची पद्धत आहे. पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातल्या प्लास्टिसिनचा थर द्यायचा, हेड बसवायचं, इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं, हेड उघडून थराची सर्वांत पातळ जागा ब्लेडने कापून मोजायची. इनलेटला दीड आणि एक्झॉस्टला दोन मिलिमीटरच्या खाली जाऊ नये, अशी सावध मर्यादा धरावी; कॅम बनवणाऱ्याने याहून जास्त सांगितलं असेल तर त्याचं ऐकावं. हायड्रॉलिक टॅपेट मोजणीच्या वेळी दबतात आणि चुकीचं अंतर दाखवतात, म्हणून तिथे तात्पुरते सॉलिड टॅपेट लावूनच मोजावं.

नुसत्या खुणा जुळवून कॅम बसवणं पुरत नाही. क्रँकवर डिग्री व्हील आणि व्हॉल्व्हवर डायल गेज लावून इनलेट खरोखर कार्डावरच्या अंशाला मिटतो का ते तपासावं लागतं. चार अंशांची चूक डोळ्यांना दिसत नाही, गाडीला मात्र कळते.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो. ओव्हरलॅप वाढला की आयडलिंगला ताजी हवा थेट सायलेन्सरमध्ये जाते, सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, आणि ईसीयू पेट्रोल वाढवत बसतो. यावर इलाज नवा मॅप, आणि तो डायनोवरच बसतो.

ऊसपट्ट्यातलं पेट्रोल

आता पंपांवर बहुतेक ठिकाणी वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. बारडोलीचा सहकारी साखर कारखाना आशियातल्या मोठ्या कारखान्यांत गणला जातो, तेव्हा ऊस आणि इथेनॉलचं नातं इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. कॅमशी त्याचा संबंध दोन बाजूंनी येतो. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असतो, त्यामुळे इनलेट लवकर मिटवून खरा दाब वाढवणारा टॉर्कचा कॅम घेतला, तर उन्हात घाट चढताना इंजिन ठोकण्याची भीती थोडी कमी होते. पण लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच. म्हणजे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत या मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी. इंजेक्शनची गाडी हे सावरून घेते. कार्ब्युरेटरच्या जुन्या बुलेटला मात्र जेट मोठा करावा लागतो, नाहीतर कॅम बदलल्यावर पातळ मिश्रणाने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्याचा धोका वाढतो. नळ्या आणि रबरी सीलही इथेनॉलला टिकणाऱ्या प्रतीच्या हव्यात.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनातल्या फेरफारांबद्दल आहे. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतची कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. कॅम बाहेरून दिसत नाही म्हणून प्रश्न मिटला असं समजू नये. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर इंजिन उघडायला लावू शकतो. वॉरंटीतल्या गाडीला तर हात लावूच नये. जीजे-१९ च्या, म्हणजे बारडोलीच्या नोंदणीच्या, गाडीवर काम करायचं असेल तर आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी, आणि पीयूसीच्या मर्यादेत बसेल असाच कॅम निवडावा.

निवडीची रीत

सगळ्यांत आधी गाडी तपासावी. ज्या गाडीला ‘पिकअप नाही’ म्हणून कॅम हवा असतो, तिचं दुखणं बरेचदा दुसरीकडेच निघतं. कॉम्प्रेशन उतरलेलं असतं, टॅपेट घट्ट झालेले असतात, क्लच घसरत असतो किंवा एअर फिल्टर चोंदलेला असतो. हे दुरुस्त करून पुन्हा पाहावं.

मग आरपीएमची नोंद. सामानासह नवापूरपर्यंत जाऊन यावं आणि टॅकोमीटरचा काटा कुठे रेंगाळतो ते पाहावं. तो तीन ते पाच हजारांत फिरत असेल, तर ड्युरेशन मूळच्या जवळ ठेवून लिफ्ट थोडी वाढवणारा, ओव्हरलॅप कमी असलेला आणि इनलेट लवकर मिटवणारा कॅमच योग्य. काटा खरोखर साडेसहा हजारांच्या वर राहत असेल, तरच लांब ड्युरेशनचा विचार करावा.

त्याआधी पुढच्या स्प्रॉकेटचाही विचार व्हावा. हिमालयन ४११ चं पुढचं स्प्रॉकेट १५ दातांचं आहे. ते १४ चं केलं तर मागच्या चाकावर प्रत्येक गिअरमध्ये सुमारे ७ टक्के जास्त ओढ मिळते, खर्च किरकोळ आणि मन बदललं तर परत फिरता येतं. बदल्यात हायवेवर इंजिन थोडं जास्त फिरतं. घाटवाल्या रस्त्यांसाठी कित्येकांचं काम एवढ्यात भागतं. स्पीडोमीटर पुढच्या चाकावर नसेल, तर त्याचा आकडा बदलतो का तेही पाहावं, आणि हा बदलही विमा कंपनीला कळवावा.

कॅम घेतलाच, तर फरक मोजायचा तो टॉप स्पीडवर नव्हे. सोनगडच्या अलीकडचा सपाट, मोकळा तुकडा निवडावा, गर्दी नसलेली वेळ धरावी, सामान तेवढंच ठेवावं, आणि एकाच गिअरमध्ये पन्नासपासून ऐंशीला जायला किती सेकंद लागतात ते बदलाच्या आधी आणि नंतर मोजावं. दोन्ही दिशांनी, म्हणजे वाऱ्याचा फरक निघून जातो. मोबाइल मागे बसलेल्याच्या हातात द्यावा.

नवा कॅम लावताना टॅपेटही नवेच लावावेत. सपाट तळाच्या टॅपेटना लोबवर घासून स्वतःची जागा करावी लागते. जुना टॅपेट जुन्या लोबशी जुळलेला असतो आणि नव्या लोबला तो खातो. लोबवर मॉलिब्डेनमची पेस्ट लावून इंजिन सुरू झाल्याबरोबर वीसेक मिनिटं दोन हजारांच्या आसपास चालवावं, आयडलिंगला सोडू नये, कारण मंद फिरताना कॅमवर तेल कमी उडतं. पहिल्या पाचशे किलोमीटरला तेल बदलून त्यात लोहचुंबक फिरवून पाहावं. काढलेला कॅम आणि त्याचे टॅपेट कोणता कुठला होता याची खूण करून, तेल लावून, जोडीनेच बांधून ठेवावेत. पन्नास ते ऐंशीच्या मोजणीत नवा कॅम मागे पडला, तर तेच परत बसवायचे आहेत.